पागेदारीणबाईंची रपेट

रश्श्यात मीठ दोनदा पडलं, सगुणाबाईंनी तो मुकाट्याने खाल्ला, आणि पागेदारांच्या घरात रडारड सुरू झाली.

रडली ती स्वयंपाकीण. तिचं म्हणणं असं की इतकी वर्षं या घरात काढली. मीठ कमी पडलं म्हणून बोलणी खाल्ली, जास्त पडलं म्हणून खाल्ली, अगदी बेताचं पडलं तेव्हा 'आज चुकून डोळे उघडे ठेवून रांधलंस का?' म्हणूनही खाल्ली. आता बाईसाहेब काहीच बोलत नाहीत, त्या अर्थी आपलं अन्नपाणी या घरातून उठलं. तिची समजूत घालायला पागेतला घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार आला, तोही डोळे पुसत परत गेला. त्याच्याही लक्षात आलं की आपल्याला महिनाभरात कोणी 'मेल्या' म्हटलेलं नाही.

सगुणाबाई म्हणजे देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारचे पागेदार मानसिंगराव यांचं कुटुंब. पागेतले घोडे वर्षागणिक कमी होत चालले होते. मान मात्र होता तेवढाच होता, आणि तो सांभाळायचं काम बाईंकडे होतं. अक्षरओळख इतकीच की आपलं नाव लिहिलेलं ओळखू यावं. पण जिभेला शाळेची गरज कधी पडली नव्हती. ही हकीकत पुढे त्या स्वतःच रंगवून सांगत. आपल्याला कोणी हसायचं आणि किती, हेही त्याच ठरवीत. त्यापेक्षा जास्त हसणाऱ्याला दुसरा चहा मिळत नसे.

झालं होतं काय, ते त्यांनाच सांगता येत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, पोटदुखी नाही. सकाळी डोळे उघडत आणि मनात येई, कशाला उघडले? कोणीतरी भिजलेली गोधडी अंगावर टाकून निघून गेलंय, आणि ती काढायलाही हात उचलवत नाही, असं काहीतरी. घास तोंडात फिरे. झोप दारापर्यंत येई आणि चपला न काढताच परत जाई. धाकटी लेक कमल लग्न होऊन धारला गेली तेव्हापासून हे सुरू झालं, असं अक्का म्हणत. त्यावर बाईंनी एरवी 'लेकी जगात कोणाच्या जात नाहीत?' असा टोला दिला असता. त्यांनी नुसतं छताकडे पाहिलं.

अक्का म्हणजे शेजारच्या ब्राह्मणाघरच्या विधवा. जगातल्या यच्चयावत रोगांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, एरंडेल. ते देऊन झालं. गुण आला, पण तो भलतीकडे. मग हाटपिपल्याच्या नरसिंहाला नवस बोलून झाला, मिरच्या-मोहऱ्या ओवाळून झाल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्या आळीला लागला, बाईंना नाही.

शेवटी मानसिंगराव पागेतून उठून माजघरात आले. बायकोशी काय बोलावं हे त्यांना कधीच सुचत नसे, कारण आजवर त्यांच्यावर ती पाळीच आली नव्हती. ते म्हणाले, "आपली हिरणी घोडी मागं अशीच झाली होती बघा. दाणा खाईना, मान टाकून उभी राही. आम्ही काय केलं, तिला रोज रपेटीला काढली. घाम निघाला, घोडी सुधारली."

आणि ते दोन पावलं मागे सरकले, कारण लग्नाच्या बायकोला घोडीच्या रांगेत बसवल्यावर काय होतं याची त्यांना कल्पना होती.

बाई म्हणाल्या, "इकडून म्हणणं होतंय तर तसं असेल."

मानसिंगरावांनी त्याच पावली उमाशंकर वैद्यांना बोलावणं पाठवलं.

आता घाई करण्याचं कारण नुसतं काळजी हे नव्हतं. कमलला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पावसाआधी तिला देवासला आणायचं, कारण एकदा क्षिप्रा चढली की गाडीवाट बंद. आणि नेमका धारच्या विहीणबाईंचा, म्हणजे जमुनाबाईंचा, तोंडी निरोप आला होता: 'विहीणबाईंची प्रकृती बरी नसल्याचं कानावर आलं. त्यांना पोरीचा त्रास नको. बाळंतपण इथंच करू.' निरोप गुळात घोळलेला होता, पण सगुणाबाईंना त्यातली सुई बरोबर लागली. महिनाभरात कशानेच न हललेल्या बाई त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडल्या. कोणी विचारलं तर सांगायला डोळ्यांत मिरचीचा धूर होताच.

उमाशंकर वैद्य माळव्यातले, हिंदीत बोलणारे. पागेदारांच्या घरात कडक गोषा. म्हणून पडद्याच्या फटीतून बाईंचा हात बाहेर, आणि मधे दुभाषी म्हणून अक्का.

"भूख लगती है?"

"नाही लागत," अक्का म्हणाल्या.

"नींद?"

"नाही."

"और गुस्सा?"

अक्कांनी पडद्याआड डोकावून खात्री करून घेतली. "तोही नाही हो."

वैद्यबुवांनी नाडी सोडून दिली. मागच्या खेपेला याच बाईंनी त्यांचा काढा त्यांनाच प्यायला लावला होता. "गुस्सा भी नहीं? फिर तो मामला गंभीर है. दवा नहीं दूँगा. बाईसाहब, शरीर बैठ जाता है तो मन उसकी गोद में जा बैठता है. आप शरीर को उठाइए, मन को उठना ही पड़ेगा. रोज सबेरे टेकरी चढ़ो, माताजी के दर्शन करो, उतरो. पसीना आना चाहिए."

"मी तेच म्हणत होतो!" मानसिंगराव बाहेरून ओरडले. "हिरणीचं तेच केलं!"

टेकडी म्हणजे देवासच्या डोक्यावरची देवीची टेकडी. चढ चांगलाच अंगावर येणारा. तो चढायला बाईंची ना नव्हती. त्यांची कशालाच ना नव्हती. ना होती ती घराण्याची. पागेदारांच्या घरची बाई भर रस्त्यात पायी? आजवर या घरातल्या बायका दोनदाच उंबऱ्याबाहेर दिसलेल्या, एकदा वरातीत येताना आणि एकदा चौघांच्या खांद्यावर जाताना. आणि दोन्ही वेळा झाकलेल्या. घरात खल झाला. अक्कांनी तर विशेष जोर लावला. "चढायलाच हवं बाई. ऊन व्हायच्या आत निघायचं, आणि अगदी सावकाश यायचं. घराची काळजी करू नका, मी आहे." अक्कांना एवढा पुळका पूर्वी कधी आला नव्हता, पण विचार करायला बाईंचं डोकं जागेवर होतं कुठे?

तोडगा मानसिंगरावांनीच काढला, आणि तो असा की दरबारी घराखेरीज कोणाला सुचणार नाही. बाईंनी टेकडी चढायची, पण मेण्यात बसून.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाला. लाल आलवानाच्या पडद्यांचा मेणा, आत सगुणाबाई, खांद्याला चौघे भोई, त्यांचा म्होरक्या खंडोजी. आत बाई लोडाला टेकून आलवानाची वीण बघत बसत. वर गेलं की मेण्यातूनच देवीला हात जोडत, आणि खाली येत. घरी आल्यावर मानसिंगराव मोठ्या आशेने विचारत, "बरं वाटतंय का?" आतून उत्तर येई, "हो." म्हणजे नाही.

भोयांना मात्र बरं वाटू लागलं. पूर्वी हे चौघे ओसरीवर तंबाखू मळत, सांधे धरल्याच्या तक्रारी करत पडलेले असत. आता त्यांच्या पोटऱ्या भरल्या, छाती रुंदावली, तोंडावर तजेला आला. खंडोजी इतका खुलला की उतरताना गाणी म्हणू लागला. चौघांची भूक अशी वाढली की स्वयंपाकिणीला दुपारी दुसऱ्यांदा भाकऱ्या थापाव्या लागत. उमाशंकर वैद्य पंधरवड्याने आले, तेव्हा पडद्यापाशी बसून त्यांनी विचारलं, "पसीना आया?"

"आला की," अक्का म्हणाल्या. "भरपूर."

"किसको?"

अक्का घुटमळल्या. "भोयांना."

वैद्यबुवांनी मानसिंगरावांकडे वळून हात जोडले. "सरकार, हिरणी को भी डोली में बिठाया था क्या?"

एवढं होऊनही मेणा सुटला नसता. मानसिंगरावांचं म्हणणं, थोडं थोडं झिरपत असेल. पण वैद्यांना जे साधलं नाही ते नाक्यावरच्या कारकुनाने साधलं.

देवासात गाव एक आणि राज्यं दोन, हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. थोरली पाती आणि धाकटी पाती; राजे दोन, कचेऱ्या दोन, आणि हद्द अशी की रस्त्याच्या या कडेला शिंकलं तर त्या कडेच्या राज्यात सर्दी व्हावी. टेकडीकडे जायचं म्हणजे थोरल्या पातीतून निघून धाकट्या पातीचा नाका ओलांडायचा. इतके दिवस तिथला शिपाई सकाळी झोपलेला असे. त्याच्या जागी एक जागा राहणारा कारकून आला, आणि घात झाला.

"काय भिया, मेणा कोणाचा?" त्याने विचारलं.

"पागेदारांचा," खंडोजी म्हणाला. "थोरल्या पातीचा."

"म्हणजे मानकऱ्यांचा. मग उठून मुजरा करावा लागेल." कारकून उठला आणि पुन्हा बसला. "केला तर आमचे वरचे विचारतील, त्या पातीला मुजरा का केला? नाही केला तर तुमचे विचारतील, का नाही केला? दोन्हीकडून मी मेलो. तुम्ही असं करा, मेणा रिकामा आणत जा. रिकाम्या मेण्याला मान नसतो."

"आणि बाईसाहेब?"

"त्या येऊ देत की. त्यांना कोण अडवतंय? अडचण मेण्याची आहे."

ही अडचण मानसिंगरावांनी आपल्या कचेरीत मांडली. तिथे दोन दिवस खल होऊन असं ठरलं की कारकुनाचं म्हणणं मूर्खपणाचं आहे, पण नियमाला धरून आहे. मग कोणाला तरी कनात आठवली. चार काठ्यांना चारी बाजूंनी कापड लावायचं, चौघा भोयांनी चार काठ्या धरायच्या, मधे बाईंनी चालायचं. जसजशा बाई चालतील तसतशी कनात चालेल. कनातीला मान आहे का, असं नाक्यावर विचारून घेतलं. कारकुनाने बराच शोध घेऊन सांगितलं, "कनातीचा मान कुठे लिहिलेला नाही. जाऊ द्या."

अशा रीतीने, दोन राज्यांच्या संमतीने, सगुणाबाई पायांवर उभ्या राहिल्या.

पहिल्या दिवशी त्या पायथ्याच्या पिंपळापर्यंत गेल्या आणि तिथेच मटकन बसल्या. आतून दिसत काय, तर चारी बाजूंनी लाल कापड, वर चौकोनी आभाळ आणि खाली आपलीच पावलं. ही पावलं इतकी जाड कधी झाली, याचं त्यांना नवल वाटलं. चार खांब चार चालींचे. पुढचे दोघे तरातरा जात आणि मागचं कापड बाईंच्या पाठीला लागे, जणू सासूच ढकलतेय. वळणावर कनातीचा तिरपा शंकरपाळा होई आणि बाई कोपऱ्यात अडकत. गोषातल्या बाईचा आवाज परक्याच्या कानी पडायचा नाही, म्हणून 'थांबा' म्हणायचीही सोय नाही. थांबायचं असलं की त्या बांगड्या वाजवत. रोज मात्र पिंपळाच्या थोडं पुढे जाऊ लागल्या. मन होतं तिथेच होतं. पण घाम येत होता, आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

चैत्रातल्या नवरात्रात टेकडीवर गर्दी उसळली. खेड्याखेड्यांतून गाड्या आल्या. त्या लोकांनी मेणे पाहिलेले होते, पालख्या पाहिलेल्या होत्या. पण टेकडीवर आपण होऊन चालत निघालेली लाल कापडाची खोली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आणि आतून बांगड्या वाजत होत्या.

"माताजी पधार्‍या!" एक म्हातारा ओरडला आणि आडवा झाला.

मग काय विचारता! पुढे नारळ फुटले, वरून कुंकवाच्या मुठी येऊ लागल्या. खंडोजी म्हणत होता, "अरे नहीं भिया, ये तो हमारी बाईसाहब हैं," पण बाईसाहेब आणि माताजी यांत त्या लोकांना फरक दिसेना. आत सगुणाबाई नखशिखांत लाल होऊन उभ्या. कुंकू नाकात, डोळ्यांत. मानकऱ्यांच्या घरची सून, आणि अवतार असा की शेंदराचा दगड बरा. तरी त्या बोलल्या नाहीत. घराण्याचा मान, काय करणार?

तेवढ्यात कनातीवरून एक गाठोडं आत आलं. "माताजी, नजर लागी है, हाथ फेर दो," म्हणून बाहेरून एका बाईने सोडलं, आणि सगुणाबाईंनी ते सवयीने झेललं. गाठोड्यात मूल होतं. जाड गोधडीत गळ्यापर्यंत गुंडाळलेलं, घामाने निथळणारं, रडून रडून काळंनिळं पडलेलं.

सगुणाबाईंनी त्या लेकराकडे पाहिलं. आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या पायाच्या अंगठ्यापासून काहीतरी तापत तापत वर आलं.

"कोणाचं गं हे? कोण ती अक्कलशून्य? चैत्राच्या उन्हात लेकराला गोधडीत उकडायला घातलंस, त्याची काय भाजी करायचीय? नजर लागलीय म्हणे! तुझ्या डोक्याला लागली असेल! काढ ती गोधडी, पाणी पाज त्याला, आणि सावलीत घेऊन बस, मेले!"

आणि म्हणता म्हणता बाईंनी स्वतःच गोधडी ओढून काढली. गोधडीतून सुटलेलं मूल गप्प झालं आणि त्याने बाईंची नथ धरली.

"माताजी बोल्या!" तो म्हातारा रडत म्हणाला. "म्हारी माताजी बोल्या रे!"

पुढे जे झालं ते सगुणाबाई सांगताना पदराने तोंड झाकून सांगत. कनातीबाहेर रांग लागली. कोणाची सून उलटून बोलते, कोणाचा मुलगा शेतावर जात नाही, कोणाचा नवरा ताडी पितो. आणि आतून प्रत्येकाला त्याच्या मापाची खरपूस शिवी मिळत होती. लोक शिव्या कपाळाला लावून आनंदाने खाली उतरत होते. घरी येऊन बाई पाटावर बसल्या, पहिल्या घासाला थांबल्या आणि म्हणाल्या, "मीठ काय गं, तुझ्या माहेरी पाठवलंस का?"

स्वयंपाकीण पुन्हा रडली. मोतद्दाराने पागेत घोड्यांना गूळ वाटला.

एका दिवसात रोग पळाला, असं मात्र झालं नाही. दुसऱ्या सकाळी ओली गोधडी परत अंगावर होतीच. पण ती बाजूला सारून उठता येतं, एवढं बाईंना कळलं होतं. काही दिवशी ती सारता येई, काही दिवशी नाही. सारली नाही तर त्या तिच्यासकट चढत.

पण बातमीला चढ लागत नाही. ती उतारावरून धावत इंदूर ओलांडून धारला पोचली, आणि पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली. धारमध्ये असं झालं की देवासच्या पागेदारीणबाईंच्या अंगात येतं. त्यांना कापडात कोंडून डोंगरावर नेतात आणि त्या येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालतात. म्हणजे मुळात नुसत्या उदास होत्या, औषधाने वेड्या ठरल्या. वैशाखात जमुनाबाई स्वतः बैलांच्या दमणीतून येऊन दारात उतरल्या. म्हणाल्या, "सहज आले. म्हटलं, विहीणबाईंना डोळ्यांनी बघावं."

जमुनाबाई अंगाने भरदार, बोलायला लोणी, आणि चेहऱ्यावर बारा महिने हसू. त्या हसण्याची सगुणाबाईंना तिडीक होती. कमलच्या लग्नात आपण त्यांच्या आहेराला भर मांडवात नावं ठेवली, तेव्हाही ती बाई हसतच होती. पण आता प्रसंग निराळा. मानसिंगरावांनी आदल्या रात्री बजावून ठेवलं होतं, "तोंडातून वाकडा शब्द नको. गोड राहा. पोर घरी यायचीय."

सगुणाबाई गोड राहिल्या. दातांत जीभ धरून, पदराच्या आड मुठी वळून राहिल्या.

"देवासचं पाणी जरा मचूळच," जमुनाबाई म्हणाल्या.

"हो ना."

"आणि पागेत म्हणे आता घोड्यांपेक्षा मोतद्दारच जास्त."

सगुणाबाईंच्या कपाळाची शीर उडू लागली. "हो ना. आणखी एक पुरणपोळी घ्या, विहीणबाई."

जमुनाबाईंचं हसू मावळलं. संध्याकाळी दाराआड उभ्या राहून त्या मानसिंगरावांना म्हणाल्या, "व्याहीबुवा, मी तुम्हाला फसवत नाही. दिवसभर खोड्या काढल्या, एकदा म्हणून उलट बोलल्या नाहीत. या बाई बऱ्या नाहीत. कमल धारलाच बाळंत होईल."

हे सगुणाबाईंनी पलीकडून ऐकलं, आणि त्यांना कळलं की आपली दोन्हीकडून कोंडी झालीय. बोलावं तर अंगात आलं, गप्प बसावं तर डोकं गेलं. जन्मभर जिभेवर राज्य केलं, आणि आता त्याच जिभेचं काय करावं, ते कळेना. त्या तरातरा बाहेर आल्या. "विहीणबाई, उद्या सकाळी टेकडीवर चला माझ्याबरोबर. मी काय करते ते बघा, मग काय ठरवायचं ते ठरवा."

कनात एका बाईच्या बेताची होती. तीत दोघी शिरल्यावर ती फुगून भोपळ्यासारखी दिसू लागली. जमुनाबाई चार पावलांवर थांबत, सगुणाबाई पुढे जात, भोयांना कोणाच्या चालीने चालावं ते उमजेना. शेवटी दोन पुढे आणि दोन मागे अशी काठ्यांची ओढाताण सुरू झाली. अर्ध्या चढावर जमुनाबाई दगडावर बसल्या त्या बसल्याच. आणि नेमकी तेव्हा वैशाखातली वावटळ आली. कनात शिडासारखी भरली, काठ्या हातांतून सुटल्या, आणि ते लाल कापड उंच उडून फडफडत थेट धाकट्या पातीच्या नाक्याच्या दिशेने गेलं.

धार आणि देवासच्या दोन गोषातल्या बाया उघड्या आभाळाखाली राहिल्या. चौघे भोई ताबडतोब डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. खंडोजी कातळाला नाक लावूनच म्हणाला, "बाईसाहेब, कनात त्यांच्या नाक्यावर पडली. सोडवून आणायला उशीर लागेल."

"आता हो?" जमुनाबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"खाली जवळ की वर?" सगुणाबाईंनी खंडोजीला विचारलं.

"वर."

"मग वर. उठा."

त्या वर गेल्या. कशा गेल्या ते त्यांनाच माहीत. एकमेकींना ओढत, धापा टाकत, मधूनच पदर वर करून वाट बघत. देवीपुढे डोकं टेकून बाहेर कट्ट्यावर बसल्या तेव्हा दोघींच्या छातीचे भाते चालले होते. सगुणाबाईंनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा चौकोनी नसलेलं आभाळ पाहिलं. खाली सगळं देवास पसरलं होतं. त्या आपलं घर शोधू लागल्या. पागा दिसली, चिंच दिसली, गच्ची दिसली.

गच्चीवर अक्का दिसल्या.

गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत शेवया, कुरडया आणि सांडग्यांनी भरली होती, आणि मधोमध काठी घेऊन अक्का कावळे हाकत बसल्या होत्या. सगुणाबाईंच्या डोक्यात महिन्यांचा हिशोब लख्ख उजळला. ऊन व्हायच्या आत निघा! सावकाश या!

"बघा, बघा ती म्हातारी!" त्या ताडकन उठल्या. "म्हणून माझ्या तब्येतीची काळजी! माझ्या घरचं पाणी हिला चालत नाही, माझ्या घराचं ऊन चालतं! विटाळ पाण्यालाच होतो का गं, सांडग्यांना होत नाही? अगं, मी मेले असते तर तेराव्याच्या आत पापड घातले असतेस! आणि ती स्वयंपाकीण कुठे मेली? आणि तो मोतद्दार? आणि इकडून काय चाललंय, गच्ची लुटली तरी घोड्यांच्या शेपट्या विंचरत बसायचं? अक्का, थांबा, आले मी, तुमच्या एकेका शेवईची…"

शेवईचं काय करणार ते ऐकायला टेकडीवरच्या माकडांनीही खाणं थांबवलं होतं. बाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा त्यांना आठवलं की शेजारी विहीण बसलीय. संपलं. कमल धारला.

जमुनाबाई हसत होत्या. नेहमीचं ते लोण्यासारखं हसू नव्हे. पोट धरून, नाकातोंडातून, अगदी भाजीवालीसारखं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसू थांबलं तरी पाणी थांबेना.

सगुणाबाई घाबरल्या. "काय झालं हो?"

"तुमचं बरं आहे, विहीणबाई," जमुनाबाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प झालात तर घर हादरलं, वैद्य आला, कनाती निघाल्या. मी गेल्या दिवाळीपासून डोळ्याला डोळा लावलेला नाही. पण मी हसत असते ना. कोण विचारणार?"

सगुणाबाईंनी पदरात बांधून आणलेला भाकरीचा तुकडा काढला आणि मोडून अर्धा पुढे केला. दोघींनी तो कोरडाच खाल्ला.

"आजसारखं कितीतरी दिवसांत बरं वाटलं नव्हतं," जमुनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पाय तुटलेत, पण बरं वाटतंय. कमलला ज्येष्ठ लागताच पाठवते."

सगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी पदराने घाम पुसला. बराच पुसला.

"आणि मीही येते तिच्याबरोबर," जमुनाबाई पुढे म्हणाल्या. "बाळंतपण होईपर्यंत राहते. रोज सकाळी दोघी टेकडी चढू."

सगुणाबाईंनी खाडकन डोळे उघडले. सुनेच्या बाळंतपणाला सासू सुनेच्या माहेरी? धारमध्ये नाही, देवासच्या दोन्ही पात्यांत नाही, त्रिभुवनात कोणी ऐकलं नसेल. पण विहीण पाय चोळत, टेकडीवरून खाली बघत, पागेदारांचं घर कोणतं असेल ते शोधत होती; जसं काही ते आत्ताच तिचंही झालं होतं.

सगुणाबाई देवळाच्या दाराकडे वळल्या. "आई, मी लेक मागितली होती," त्या म्हणाल्या, जमुनाबाईंना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "विहीण कोणी मागितली होती?"

मग त्यांनी विहिणीचा हात धरला आणि दोघी उतरू लागल्या. हात का धरला, असं पुढे कोणी विचारलं तर त्या फणकाऱ्याने सांगत, "पडली असती तर माझ्याच घरात झोपून राहिली असती!"